छातीभर पाण्यातला एक तास

माझी मागणी ऐकून बहुतेक लोक आधी हसतात. नळाला पाणी कोणत्या दिवशी येणार हे पाहून पाहुण्यांना बोलावण्याचा दिवस ठरवणारे आपले शहर. तिथे मी जलतरण तलावातला एक तास मागतो आहे. तोही पोहण्यासाठी नाही. संधिवात झालेल्या मुलामुलींना आणि तरुणांना पाण्यात उभे राहून हातपाय हलवता यावेत, एवढ्यासाठी.

हसून झाले की प्रश्न येतो, “संधिवात? आणि तरुणांना?”

आपल्या घरांत सांधेदुखी ही दादी-नानीची मालमत्ता समजली जाते. दादीचे गुडघे झिजलेले असतात, ती खुर्चीवर नमाज पढते, थंडीत तिला तेल चोळून द्यावे लागते. तो झिजेचा संधिवात. मी बोलतो आहे तो वेगळा. त्यात शरीराची प्रतिकारशक्ती आपल्याच सांध्यांच्या आतल्या अस्तरावर तुटून पडते. सोळाव्या वाढदिवसाच्या आत सुरू झालेला, किमान सहा आठवडे टिकलेला आणि दुसरे काही कारण न सापडलेला सांधेदाह असेल तर डॉक्टर त्याला जुवेनाइल इडिओपॅथिक आर्थ्रायटिस म्हणतात, थोडक्यात जेआयए. तो दोन वर्षांच्या मुलालाही होतो. आपल्या देशात त्याचा एक प्रकार बराच दिसतो. तो बहुतेक वेळा शाळकरी मुलग्यांना गाठतो आणि टाच, गुडघा, खुबा धरून बसतो. पोरगा लंगडतो, घरचे म्हणतात क्रिकेट खेळताना पाय मुरगळला असेल. त्यातल्या काहींचा आजार पुढे कंबर आणि कण्यात शिरतो. त्याचे नाव अँकिलॉझिंग स्पॉन्डिलायटिस.

हा शेवटचा आजार मला आहे. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षी रात्री तीन-साडेतीनला कंबर दुखून जाग यायची. उठून खोलीत फेऱ्या मारल्या की बरे वाटायचे, पुन्हा आडवे झाले की पुन्हा तेच. नोकरी लागली तेव्हा सगळ्यांनी खुर्चीला दोष दिला. खाला भेटली की म्हणायची, “इत्ती सी उमर में कमर पकड को बैठा!” निदान व्हायला पाच वर्षे लागली आणि त्या पाच वर्षांत सगळ्यात जास्त वेळा मिळालेला सल्ला होता ‘आराम करा’. या आजारात नेमके उलटे असते. आरामाने सांधे जखडतात, हालचालीने सुटतात. जगभर या आजाराचे निदान सरासरी काही वर्षे उशिरानेच होते, त्यामुळे माझी कहाणी काही विशेष नाही.

मला पाण्यात उतरायला सांगितले ते एका फिजिओथेरपिस्टने. पोहता येत नाही म्हटल्यावर ती म्हणाली, “पोहायला कोण सांगतंय? चाला.”

पाण्यात काय घडते ते सांगतो. हे आठवीच्या विज्ञानाच्या पुढचे नाही. आर्किमिडीजने सांगितलेले बल शरीराला वर ढकलते. कमरेपर्यंत पाण्यात उभे राहिले की पायांवरचा भार जवळपास निम्मा होतो. छातीपर्यंत गेले की साधारण एक तृतीयांश उरतो आणि मानेपर्यंत गेले की दहावा हिस्सा. म्हणजे पन्नास किलोची मुलगी छातीभर पाण्यात उभी असेल तर तिच्या सुजलेल्या गुडघ्यांना सोळा-सतरा किलोच झेलावे लागतात. जी जमिनीवर एक पायरी चढू शकत नाही ती पाण्यात गुडघा पोटापर्यंत उचलते. शिवाय पाणी चारी बाजूंनी दाबते, त्याने सूज थोडी ओसरते. पाणी कोमट असेल तर आखडलेले स्नायू सैल पडतात.

मला इंजिनिअर म्हणून सर्वांत आवडते ती गोष्ट वेगळीच आहे. पाण्याचा विरोध वेगाबरोबर वाढतो, आणि नुसता वाढत नाही, वेगाच्या वर्गाच्या पटीत वाढतो. हळू हात फिरवला तर पाणी मऊ, जोरात फिरवला तर जड. जिममध्ये वजन कोणीतरी दुसरा ठरवतो, पाण्यात ते रुग्ण स्वतः ठरवतो, प्रत्येक हालचालीला नव्याने. आज सांधे कुरकुरत असतील तर सावकाश, उद्या बरे असतील तर जोरात. यंत्र एकच, सेटिंग आपोआप बदलणारे.

व्यायाम तरी काय असतो? पुढे चालायचे, मागे चालायचे, आडवे चालायचे. कठडा धरून एकेक पाय मागे, बाजूला, गोल फिरवायचा. दोन्ही हातांनी फोमची पाटी पाण्याखाली दाबून हळूहळू वर येऊ द्यायची. पाठीवर तरंगत कणा सरळ सोडायचा. बघणाऱ्याला वाटते, हे लोक पाण्यात येऊन नुसते रेंगाळत आहेत.

आता प्रामाणिक हिशेब. पाण्याने संधिवात बरा होत नाही. असे सांगणारा कोणीही भेटला, मग तो तलाववाला असो, हकीम असो की व्हॉट्सअपवरचा व्हिडिओ, त्याच्यापासून लांब राहा. जेआयएचे मूळ उपचार औषधांचे आहेत. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायचे असते, रोज नाही, आणि बरे वाटले म्हणून आपल्या मनाने बंद करायचे नसते. डोळ्यांची तपासणी ठरलेल्या वेळी करायची असते, कारण हा आजार काही मुलांच्या डोळ्यांत काहीही न दुखता शिरतो. नाव नसलेल्या पुड्यांनी दोन दिवसांत आराम पडला तर आनंद मानू नका, आत स्टेरॉइड असण्याची शंका घ्या.

पाण्याच्या व्यायामाचे अभ्यासही झाले आहेत. नेदरलँड्समध्ये २००३ साली ५४ मुलांवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला, ब्रिटनमध्ये २००५ साली ७८ मुलांवरचा. दोन्हींचा निष्कर्ष काही ढोल वाजवण्यासारखा नाही. ब्रिटनमध्ये नुसता जमिनीवरचा व्यायाम करणारी मुले पाण्यातल्या मुलांपेक्षा मागे राहिली नाहीत. नेदरलँड्समध्ये पाण्यातल्या मुलांची सुधारणा थोडीच होती, खात्रीने सांगता यावी इतकी नव्हती. मात्र व्यायामाने आजार वाढतो ही भीती तिथे खरी ठरली नाही.

मग मागणी कशासाठी? कारण ब्रिटनमधल्या अभ्यासात तुलना होती ती पाण्यातला व्यायाम आणि फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली नियमित होणारा जमिनीवरचा व्यायाम यांची. आपल्याकडे मुलांपुढे ही निवडच नसते. आपल्याकडे पर्याय असतात पाणी किंवा पलंग. पाचवीतला मुलगा घरात एकटा चटईवर रोज अर्धा तास पाय ताणत बसेल, ही अपेक्षा करणाऱ्याने कधी पाचवीतला मुलगा पाहिलेला नाही. पाण्यात तो स्वतःहून उतरतो आणि बाहेर निघायला तयार नसतो. शाळेच्या पी.टी.च्या तासाला बाकावर बसवलेल्या पोराला इतर पोरांसारखे दमता येईल अशी ती एकच जागा आहे. मला त्याचे दमणे महत्त्वाचे वाटते.

शहरात पाणी नाही असेही नाही. सिद्धार्थ उद्यानात महापालिकेचा जलतरण तलाव आहे. शिक्षणसंस्थांचे, क्लबांचे आणि आता मोठ्या गृहसंकुलांचे तलाव आहेत. अडचण दाराशी सुरू होते. मी एका खासगी तलावावर महिन्याची फी भरली. तिसऱ्या दिवशी प्रशिक्षकाने शिट्टी वाजवून मला काठाशी बोलावले आणि सांगितले की हा तलाव पोहणाऱ्यांसाठी आहे, चालणाऱ्यांसाठी नाही, लेन अडते. डॉक्टरांची चिठ्ठी दाखवली. त्याने ती वाचली, परत दिली आणि म्हणाला, “मग दवाखान्यात करा ना.” माणूस वाईट नव्हता. त्याच्या वेळापत्रकात माझ्यासारख्याचा रकानाच नव्हता.

शिवाय तलाव बांधणाऱ्यांनी गुडघे धडधाकटच असतात असे गृहीत धरलेले आहे. पाण्यात उतरायला भिंतीला ठोकलेली उभी लोखंडी शिडी. जिची बोटे सुजलेली आहेत तिने ती दांडी पकडायची कशी आणि जिचे गुडघे वाकत नाहीत तिने पायरीवर पाय ठेवायचा कसा? रुंद पायऱ्या आणि बाजूला कठडा, ओल्या फरशीवर रबरी चटई, काठावर एक खुर्ची. खर्च विचाराल तर एखाद्या उद्घाटनाच्या मंडपापेक्षा कमी. तापमानाचा प्रश्न याहून अवघड आहे. शर्यतीच्या तलावाचे पाणी साधारण २५ ते २८ अंश सेल्सियस असते, उपचारांच्या तलावाचे ३३ ते ३६. थंड पाण्यात आमचे सांधे आणखी आखडतात. पण मराठवाड्याचा उन्हाळा इथे पहिल्यांदाच कामाला येतो. एप्रिल-मेमध्ये उघड्या तलावाचे पाणी दुपारपर्यंत आपोआप कोमट होते. म्हणजे वर्षाचे काही महिने तरी सुरुवात करायला बॉयलर लागत नाही.

मुलींचा प्रश्न याहून अवघड आहे आणि त्याबद्दल जरा सविस्तर लिहावे लागेल.

माझी मामेबहीण दहावीत आहे. तिला नवव्या वर्षापासून जेआयए आहे. शाळा सातची, म्हणून ती पाचला उठते. कोमट पाण्यात हात बुडवून बोटे सुटी करायला तासभर लागतो, मग पेन धरता येते. फिजिओथेरपिस्टने तिलाही पाणी सुचवले. घरात चार प्रश्न उठले. कपडे काय घालणार? तिथे पुरुष असतील का? लोक काय म्हणतील? आणि चौथा, जो मोठ्याने कोणी विचारला नाही: उद्या रिश्ता आला आणि त्यांना कळले तर?

पहिले दोन प्रश्न मला रास्त वाटतात. पंधरा-सोळा वर्षांच्या मुलीला परक्या नजरांसमोर भिजलेल्या कपड्यांत उभे राहायचे नसेल तर तो तिचा हक्क आहे. असे वाटणाऱ्या मुली फक्त मुसलमानांच्या घरात असतात असेही नाही; तिच्या वर्गातल्या मैत्रिणींनाही तेच वाटते. दोन्हींना उत्तरे आहेत. सुती कपडे तलावात चालत नाहीत, कारण त्यांचे तंतू सुटून फिल्टरमध्ये अडकतात. हा नियम बरोबर आहे. पण पूर्ण बाह्यांचा, घोट्यापर्यंतचा, डोक्यावर टोपी असलेला पोशाख नायलॉन-लायक्राचाही मिळतो. आम्ही तो घेऊन एका तलावावर गेलो. आधी म्हणाले सुती चालणार नाही. कापड दाखवले तर म्हणाले पूर्ण बाह्या चालत नाहीत. का, तर नियम. लिखित नियम मागितला तर मिळाला नाही. महिलांची बॅच होती, पण काठावरचा जीवरक्षक पुरुष होता आणि मामी तिथूनच परत फिरली.

इथे कोणाला दोष द्यायचा? तलाववाल्यांना द्यावा लागेल, आणि मी देतो. पोशाख स्वच्छतेचा आणि सुरक्षिततेचा निकष पाळत असेल तर त्याची लांबी हा तलावाचा विषय नाही. पण तिसऱ्या आणि चौथ्या प्रश्नांसाठी तलाववाल्याकडे बोट दाखवता येणार नाही. ते आपले आहेत. आजार लपवला की रिश्ता येतो, असे आपण धरून चालतो. लपवण्यासाठी काय करावे लागते ते पाहा: रक्ताच्या तपासण्यांना दुसऱ्या वस्तीतली लॅब, गोळ्यांचे वेष्टन काढून डबीत, लग्नघरात दुखत असताना हसत उभे राहणे, आणि व्यायाम बंद, कारण व्यायाम दिसतो. उपचारांशिवाय खुबा कायमचा आखडला तर तोही दिसतोच, आणि मग तो लपवता येत नाही. माझे स्पष्ट मत आहे की मुलीच्या आजाराची बातमी फुटण्याची भीती तिच्या सांध्यांपेक्षा मोठी मानणे हा जुलूम आहे, तो कितीही मायेने केलेला असो.

मुलग्यांचे लपवणे वेगळ्या तऱ्हेचे असते. मशिदीत मागच्या रांगेत खुर्चीवर बसलेला बावीस वर्षांचा मुलगा दिसला की चाचा मंडळी वळून बघतात. उभे राहता येत नसेल तर बसून, बसता येत नसेल तर कुशीवर, ही सवलत दीनने दिलेली आहे आणि प्रत्येक इमाम ती सांगतो. तरीही ते पोर लाजेने सजद्यात जाते आणि मग उठताना शेजाऱ्याचा खांदा शोधते. आमच्या मोहल्ल्यात एका इमामसाहेबांनी जुम्याच्या आधी दोन मिनिटे एवढेच सांगितले की खुर्ची वयाने मिळत नाही, गरजेने मिळते. पुढच्या जुम्याला खुर्च्या दोनाच्या पाच झाल्या. म्हणजे तीन जण आतापर्यंत नुसते सोसत होते.

आजार दिसला तर करिअर संपते असे वाटणाऱ्यांसाठी दोन नावे. डेन्मार्कची टेनिसपटू कॅरोलिन वोझ्नियाकी हिने २०१८ साली ऑस्ट्रेलियन ओपन जिंकली आणि त्याच वर्षी आपल्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस असल्याचे जगाला सांगितले. दुसरे नाव घरचे, सांगली जिल्ह्यातले मुरलीकांत पेटकर. त्यांना संधिवात नव्हता. १९६५च्या युद्धात गोळ्या लागून त्यांचे शरीर कमरेखाली निकामी झाले होते. पाणी त्यांच्याकडे आले ते उपचार म्हणून. त्याच पाण्यात त्यांनी १९७२ साली हायडेलबर्गच्या पॅरालिम्पिकमध्ये ५० मीटर फ्रीस्टाइलचे सुवर्णपदक मिळवले, भारताचे पॅरालिम्पिकमधले पहिले. ‘चंदू चॅम्पियन’ पाहिला असेल तर माहीतच असेल. प्रत्येक रुग्णाने पदक आणावे असे मला अजिबात म्हणायचे नाही, मला स्वतःला अजून चार फुटांच्या पुढे जायची भीती वाटते. पण हे पाणी त्यांच्यासाठी कोणीतरी उपलब्ध केले होते, हे लक्षात घ्या.

आता त्या हसण्याकडे येतो. प्यायला पाणी नाही आणि तुम्हाला तलाव हवा? आक्षेप खरा आहे. पैठणचा नाथसागर आपल्यापासून पन्नासेक किलोमीटरवर आणि तरी मोहल्ल्यांत अनेक दिवसांआड पाणी. म्हणून आकडेमोड करू. आहे त्या तलावात एक तास राखून ठेवायला एक थेंबही जास्त लागत नाही. पुढे कधी स्वतंत्र उपचार-टाकी बांधायची म्हटली तर सहा मीटर लांब, चार मीटर रुंद, सव्वा मीटरच्या आतबाहेर खोल पुरते. १.२ मीटर पाणी भरले तर सुमारे २९ हजार लिटर, म्हणजे दहा हजार लिटरचे तीन टँकर. ते रोज ओतून द्यायचे नसते. गाळून, क्लोरिन टाकून तेच फिरवायचे असते. कडक उन्हात दिवसाला आठ मिलिमीटर पाणी उडाले असे धरले तरी दोनशे लिटरच्या आत. फिल्टर धुण्याचे पाणी वेगळे, ते झाडांना जाईल. हे पाणी २६ अंशांवरून ३३ अंशांवर न्यायला एकदाच सुमारे २३५ युनिट उष्णता लागते. त्यानंतर रात्री टाकी झाकून ठेवली तर रोजची घट भरून काढायला आपल्या गच्च्यांवर दिसतात तसले सोलर हीटर बराच भार उचलतील. या शहरात पाणचक्की आहे. डोंगरातून मातीच्या नळांनी आणलेल्या पाण्याने तिथे दर्ग्यावर येणाऱ्यांसाठी पीठ दळले जायचे. पाणी पिण्याखेरीज दुसऱ्या कामालाही लावता येते, हे आपल्याला नव्याने शिकायची गरज नाही.

कायद्याची बाजूही आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या कलम ३० मध्ये दिव्यांगांना खेळांत सहभागी होता यावे यासाठी उपाय करण्याची जबाबदारी शासनावर टाकलेली आहे. पण इथे एक मेख आहे. कायद्याच्या २१ प्रकारांच्या यादीत संधिवात नावाने नाही. सांधे कायमचे आखडले तर चलनवलनाच्या अपंगत्वाचे प्रमाणपत्र मिळू शकते. म्हणजे सांधा वाया गेल्यावर प्रमाणपत्र आणि प्रमाणपत्र आल्यावर सवलत! सांधा वाया जाऊ नये म्हणून मागितलेल्या तासाला हा क्रम लावला तर काय उपयोग? म्हणून प्रवेश डॉक्टरांच्या किंवा फिजिओथेरपिस्टच्या चिठ्ठीवर मिळाला पाहिजे, प्रमाणपत्रावर नाही.

आपल्या संस्थांकडूनही माझी अपेक्षा आहे. आपल्या शहरात जमाती आणि ट्रस्ट रुग्णवाहिका चालवतात, औषधे देतात, उन्हाळ्यात टँकर लावतात. त्यांच्या यादीत एक प्रशिक्षित महिला जीवरक्षक आणि एक महिला फिजिओथेरपिस्ट, आठवड्यातून दोन तासांच्या मानधनावर, सहज बसतील. एमजीएममध्ये फिजिओथेरपीचे शिक्षण मिळते, घाटीत गोरगरीब रुग्ण येतात. विद्यार्थी आणि रुग्ण दोन्ही याच शहरात आहेत, त्यांना एका तलावाशी आणायचे आहे. हा तास फक्त आपल्यासाठी मागू नका. महिलांच्या वेळेत पूर्ण पोशाखातल्या आणि साध्या पोशाखातल्या मुली एकाच पाण्यात असतील, त्यांचे गुडघे एकाच कारणाने दुखत असतील.

आम्ही काही जणांनी महापालिकेसाठी अर्जाचा मसुदा केला आहे. त्यात आठवड्यातून दोन दिवस उथळ भागातला एक तास मागितला आहे, त्यातला एक दिवस महिलांसाठी आणि त्या वेळी काठावर सगळा महिला कर्मचारीवर्ग. पोशाखाचा नियम लेखी आणि फक्त कापडापुरता असावा. शिडीच्या जागी कठडा असलेल्या पायऱ्या हव्यात. ताप असेल, जखम असेल किंवा आजार एकदम उसळला असेल त्या दिवशी पाण्यात उतरू द्यायचे नाही, हेही आम्हीच लिहिले आहे. सह्यांसाठी रुग्णांनी नाव उघड करायची गरज नाही, घरातले कोणीही सही करू शकते.

वेळेचा रकाना मात्र आम्ही सोडलेला नाही, तिथे सकाळी अकरा ते बारा असे लिहिले आहे. तलाववाले आम्हाला रिकामी म्हणून सहाची बॅच देऊ करतात. सहाला आमचे सांधे उठलेले नसतात.